लाखाचा फ्लाय रॉड घ्यावा का? नागपूरकराच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे नागपुरात राहतात. रामटेकजवळच्या खिंडसीवर आणि आसपासच्या तलावांवर तिलापिया आणि मरळीसाठी फ्लाय (पिसं-केस बांधून केलेलं नकली आमिष) टाकतात, आणि आता हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउटसाठी जायचा बेत आहे. हातात दहा-बारा हजारांचा रॉड आहे. सेज, विन्स्टन, स्कॉट, ऑर्विस या अमेरिकी कंपन्यांच्या वरच्या श्रेणीतल्या रॉडबद्दल वाचायला घेतलं की एकाच मॉडेलला एक जण डोक्यावर घेतो, तर दुसरा नुसती काठी म्हणून मोडीत काढतो. लाखभर रुपये घालायचे तर कोणाचं ऐकायचं?

दोघंही खरंच सांगत असतात. एक बोलतो ब्लँकबद्दल, म्हणजे नुसत्या कार्बनच्या नळीबद्दल. दुसरा बोलतो मूठ, लाइन ओवायच्या कड्या, रील सीट (रील बसवायची जागा) अशा जडणघडणीबद्दल. तिसरा एक असतो, ज्याचा रॉड मोडला आणि कंपनीनं तुकडा बदलून दिला. तो बोलतो वॉरंटीबद्दल. गुण मात्र तिघंही सबंध रॉडलाच देतात. नागपुरातल्या माणसाच्या दृष्टीनं मात्र या तिन्ही गोष्टींचं मोल सारखं नाही. ब्लँक आणि जडणघडण अर्ध्या तासात हातानं तपासता येते. वॉरंटी सातासमुद्रापलीकडे बसलेली असते आणि तिचा पैसा मात्र किमतीत गपचूप धरलेला असतो.

आधी लाइन, म्हणजे फ्लायला ओढून नेणारी जाड दोरी, कारण रॉडच्या निम्म्या तक्रारी खरं तर लाइनच्या असतात. रॉडवर ५ नंबर लिहिलेला असेल तर त्याचा अर्थ इतकाच, की लाइनच्या पुढच्या ३० फुटांचं, म्हणजे ९.१४ मीटरचं वजन साधारण ९.१ ग्रॅम असावं. ६ नंबरला १०.४, ७ नंबरला १२ आणि ८ नंबरला १३.६ ग्रॅम. सध्या विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लाइन डब्यावरच्या आकड्यापेक्षा अर्धा ते एक नंबर जड असतात. कडक रॉड नवशिक्याच्या हातात लवकर वाकावा म्हणून मुद्दामच तशा बनवतात. आता बघा, तोच रॉड एकानं नेमक्या वजनाच्या लाइनवर चालवला आणि दुसऱ्यानं जड लाइनवर, तर मतं जुळणार कशी? इतवारीच्या सराफ्यात असतो तसला दागिन्यांचा छोटा काटा घ्या. लाइनच्या टोकाला सहा इंच ते फूटभर एकसारखा बारीक भाग असतो, तो सोडून पुढचे ३० फूट मोजा, वेटोळं करून काट्यावर ठेवा. उरलेली लाइन काट्याच्या कडेवरून लोंबत राहिली तर आकडा खोटा येतो, म्हणून ती शेजारीच काट्याच्या उंचीवर ठेवा.

दुसरी गोष्ट ऊन. थंड पाण्यासाठी बनवलेल्या लाइनचं आवरण मऊ असतं. नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यात ते चिकट होतं, कड्यांना धरतं, आणि सैल हातानं सोडलेली लाइन सुटतच नाही. माणूस म्हणतो रॉडमध्ये दम नाही. तलावासाठी उष्ण कटिबंधाची, कडक गाभ्याची लाइन लागते. तीच लाइन तीर्थनच्या गार पाण्यात स्प्रिंगसारखी वेटोळी घेते, त्यामुळे तिथली वेगळी. दोन चांगल्या लाइनींचा खर्च नव्या रॉडच्या मानानं किरकोळ आहे आणि फरक पहिल्याच सकाळी कळतो. हे केल्याशिवाय रॉड बदलायचा विचार करू नका.

आता ब्लँक. ग्राफाइटचा, म्हणजे कार्बन तंतूंचा, पहिला फ्लाय रॉड फेनविक या अमेरिकी कंपनीनं १९७३ मध्ये बाजारात आणला. तेव्हापासून आजवर कंपन्यांची धडपड एकच: तेवढाच ताठपणा कमी वजनात. कार्बन तंतू जितका ताठ, तितका माल कमी लागतो, नळीची भिंत पातळ होते आणि रॉड हलका होतो. ९ फूट ५ नंबरचा वरच्या श्रेणीतला रॉड साधारण ७५ ते ८५ ग्रॅमचा असतो; स्वस्तातला शंभरच्या पुढे जातो. पण एकूण वजनाला भुलू नका. मुठीपाशी आपण शंभर-सव्वाशे ग्रॅमचं रील अडकवतोच. हाताला जाणवतं ते शेंड्याकडचं वजन. शेंडा हलका असेल तर फेक थांबवली की रॉड लगेच सरळ होऊन थांबतो. जड असेल तर थरथरत राहतो, त्या थरथरीच्या लाटा लाइनमध्ये उतरतात आणि लूप, म्हणजे लाइनीचा हवेत पडणारा फासा, रुंद होते. पैसे कशाचे, असं मला विचारलं तर मी आधी हे लवकर शांत होणं दाखवीन.

इथेच महाग रॉडची दुखरी बाजूही आहे. पातळ भिंत वाकण्याला खंबीर असते, टोच्याला नाही. शिशाचे डोळे असलेली जड फ्लाय फेकताना शेंड्यावर टचकन आपटली, तर बारीक खाच पडते. त्या दिवशी काहीच होत नाही. पुढे कधी तरी मध्यम मासा लागला की नेमका तिथेच रॉड तुटतो आणि माणूस म्हणतो, एवढा महाग असून मोडला. स्वस्त रॉडची जाड भिंत असा मार सोसते. म्हणजे महागडा रॉड जास्त टिकाऊ असतो हा समज उलटाच आहे. तो जास्त जपावा लागतो.

मॉड्युलसचे, म्हणजे तंतूच्या ताठपणाचे, आकडे आणि आयएम ६, आयएम ८ अशी अक्षरं वाचून तुलना करू नका. आयएम ६ हे मुळात हर्क्युलिस कंपनीच्या तंतूचं व्यापारी नाव होतं. पुढे ज्याला वाटेल त्यानं ते वापरलं. शिवाय एकाच ब्लँकमध्ये दोन-तीन प्रकारचे तंतू असतात, बुडाशी एक आणि शेंड्याला दुसरे. तंतूंना धरून ठेवणारं रेझिन आणि नळीचा निमुळता उतार यांनी रॉडचा स्वभाव ठरतो, आणि ते डब्यावर लिहिलेलं नसतं.

कंपन्यांच्या स्वभावाबद्दल मात्र जुन्याजाणत्यांचं बऱ्यापैकी एकमत आहे. सेजचं नाव झालं ते जलद (मुख्यतः शेंड्याकडे वाकणाऱ्या), ताठ रॉडमुळे. लांब फेक आणि वारा यात ते उजवे. विन्स्टनचे हिरवे रॉड ३०-४० फुटांच्या नाजूक फेकीसाठी वाखाणले जातात. स्कॉटच्या ब्लँकवर हात फिरवला तर बारीक कंगोरे लागतात, कारण ते ब्लँक घासून गुळगुळीत करत नाहीत आणि वरून रंगही देत नाहीत. पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला ते काम अर्धवट सोडल्यासारखं वाटतं. दोष नाही तो. ऑर्विसच्या हेलिओस ३ वर मुठीच्या वर पांढरा पट्टा होता. त्या पट्ट्यावर लोकांनी इतका राग काढला की फेकीबद्दलचं बोलणं बाजूलाच राहिलं. मत वाचताना हे वेगळं काढायला शिका: ही तक्रार डोळ्यांची आहे की हाताची?

आणखी एक चाळणी लावा. मत देणारा मासे कुठे धरतो? अमेरिकेतल्या मोंटानाच्या नदीवर वीस-तीस फुटांवर छोटी ड्राय (पाण्यावर तरंगणारी) फ्लाय ठेवणाऱ्याला ताठ रॉड काठीच वाटणार. समुद्राच्या उथळ पाण्यात वाऱ्याविरुद्ध ७० फूट टाकणाऱ्याला तोच रॉड तोफ वाटतो. तुमचं पाणी या दोन्हींत बसत नाही. मरळीसाठी जलपर्णीच्या कडेला केसांचा जाडजूड बेडूक टाकायचा, तो हवेत वारा धरतो, आणि मासा लागला की गवतात घुसायच्या आत त्याला वळवायचं. तिथे ८ नंबर, बुडाला ताकदवान रॉड लागतो. नाजूकपणाला तिथे कोणी विचारत नाही. माझ्या मते मरळीसाठी लाखाचा रॉड म्हणजे निव्वळ हौस आहे. त्या कामाला मधल्या किमतीचा, जरा जाड भिंतीचा ८ नंबर उत्तम. तीर्थनसाठी उलट. तिथे साडेआठ ते नऊ फूट, ४ किंवा ५ नंबर, शेंडा मऊ हवा, कारण बारीक टिपेट, म्हणजे फ्लायला बांधलेला टोकाचा धागा, झटक्यानं तुटतं. चांगल्या ब्लँकचं चीज खरं तर तिथे होतं. (तिथे मत्स्य विभागाचा परवाना लागतो आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउट बंद असते, तेव्हा तिकिटं काढण्याआधी तारखा बघा.)

रॉड हातात आला, मग तो ओळखीच्या कोणाचा असो की दुकानातला, तर असा तपासा.

चारही तुकडे वेगळे असतानाच सांध्यांत डोकावून बघा. सांध्याच्या बाहेरच्या नळीच्या तोंडाशी उभी केसासारखी चीर दिसली तर तिथेच थांबा. मग शेंड्याकडून बुडाकडे जोडत या. दोन तुकडे पाव फेऱ्याच्या फरकानं धरून आत सारा आणि बसता बसता कड्या एका रेषेत आणा, म्हणजे सांधा घट्ट बसतो. मुठीजवळ एका हातानं धरून, दुसऱ्या हातानं प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना हलकेच वाकवा. 'टक' असा आवाज आला किंवा बोटाला खटका जाणवला तर सांधा सैल आहे. रॉड डोळ्याशी धरून कड्यांच्या रांगेतून बघा. कड्या सरळ असूनही शेंडा एका बाजूला झुकत असेल तर ब्लँकच वाकडा आहे. फार थोडा झुकाव महाग रॉडमध्येही सापडतो आणि फेकीत जाणवत नाही, पण दिसण्याइतका असेल तर त्या किमतीला घेऊ नका.

मग रॉड आडवा धरून मनगटानं एकच झटका द्या आणि हात थांबवा. शेंड्याकडे बघा. तो एका रेषेत मागेपुढे होऊन लवकर थांबला पाहिजे. अंडाकृती फिरायला लागला तर फेकलेली लाइन सरळ जाणार नाही, डावी-उजवी भरकटेल. मुठीत रॉड पाव फेरा फिरवून पुन्हा तेच करा. ही चाचणी छताच्या पंख्याखाली करू नका. मजा म्हणून सांगत नाही. घरात मोडणाऱ्या रॉडमध्ये पंखा आणि गाडीचं दार यांचा वाटा मोठा आहे.

कड्यांतून कापसाचा बोळा ओढून काढा. तंतू अडकला तिथे खरखर किंवा चीर आहे, आणि ती लाइनचं आवरण कापत राहील. मुठीच्या कॉर्कवर नख दाबून बघा. नैसर्गिक छिद्रं कॉर्कच्याच भुश्यानं आणि गोंदानं बुजवलेली असतात. हलक्या प्रतीच्या कॉर्कमध्ये हे लिंपण जास्त असतं, आणि पहिल्या पावसाळ्यातच ते सुटून मूठ खड्ड्याखड्ड्यांची होते. महागड्या रॉडवर लिंपण शोधावं लागतं. रील सीटमध्ये तुमचंच रील बसवून बघा. रीलचा पाय जाड असला तर काही सीटच्या खोबणीत नीट जात नाही. नट दोन असतील तर बरं, एकटा नट वाळू गेली की सैल होत जातो.

दोन रॉडची ताकद तोलायची असेल तर अमेरिकेतल्या हौशी मंडळींची एक पद्धत घरी जमते. बूड टेबलाला घट्ट बांधा, रॉड आडवा ठेवा, शेंड्याला हलकी प्लास्टिकची पिशवी अडकवा आणि त्यात एकेक नाणं टाकत जा. शेंडा रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश, म्हणजे ९ फुटी रॉडला ९१ सेंटिमीटर खाली आला की थांबा आणि पिशवीचं वजन करा. ती झाली रॉडची ताकद. त्याच स्थितीत शेंड्याचा आडव्या रेषेशी होणारा कोन मोजा. ६६ अंशांच्या वर असेल तर रॉड जलद, ५९ च्या खाली असेल तर संथ. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे 'मीडियम फास्ट' (मध्यम जलद) रॉड या मापात किती लांब पडतात ते बघून गंमत वाटते.

शेवटी फेक. पहाटे, वारा उठण्याआधी, गवताच्या मैदानावर करा. सिमेंटवर लाइन खरवडते. फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधा. आधी ३० फूट, मग ४५, मग ६०. दुकानदार नेहमी ६० फुटांची फेक दाखवतो, कारण तिथे ताठ रॉड चमकतो. तुम्ही ३० फुटांवर वेळ घालवा. एवढ्या कमी लाइनवर रॉड वाकल्याचं हाताला कळतं का? कळत नसेल आणि तुमचे बहुतेक मासे त्या अंतरात असतील, तर तो रॉड कितीही नावाजलेला असो, तुमचा नाही. आणि आपला जुना रॉड त्याच लाइनवर, त्याच मैदानात शेजारी ठेवा. नाही तर नव्याचं नवेपणच जिंकतं.

आता वॉरंटी. अमेरिकेत हजार डॉलरच्या पुढच्या रॉडची किंमत लोकांना पटते त्याचं मोठं कारण हे, की मोडलेला तुकडा पाठवला की हाताळणीचं शुल्क घेऊन नवा येतो. ऑर्विसची हमी २५ वर्षांची आहे. इतर बऱ्याच कंपन्या पहिल्या मालकाला आयुष्यभराची देतात. ही व्यवस्था फुकट नसते; मोडणाऱ्यांचा खर्च न मोडणारेही पहिल्याच दिवशी भरतात. नागपुरातून मात्र तुकडा परदेशी पाठवायचा म्हणजे लांब नळीचं कुरिअर, कागदपत्रं, परत येताना सीमाशुल्काचा प्रश्न आणि मधले काही आठवडे. घेतानाच विक्रेत्याला लेखी विचारा: तुकडा कुठे पाठवायचा, नवा तुकडा भारतात येतो का, शुल्क किती, जाण्यायेण्याचा खर्च कोणाचा? उत्तर गुळमुळीत आलं तर वॉरंटीची किंमत शून्य धरा आणि मग रॉडचा भाव पटतो का ते बघा. जुना रॉड घेत असाल तर बहुधा ती शून्यच असते, कारण हमी दुसऱ्या मालकाकडे जात नाही. तेव्हा जुना अस्सल रॉड निम्म्या किमतीच्या वर घेऊ नका, असं मी सांगेन.

मोडल्यावर तुकड्याचं तोंड बघितलं की कारण बरंच कळतं. काटकोनात सरळ तुटला असेल तर आधीची खाच. लांब चिरफळ्या निघाल्या असतील तर जोर जास्त झाला. सांध्याची बाहेरची नळी उभी फाटली असेल तर सांधा सैल ठेवून फेकत होता. शेंड्याजवळ तीन-चार इंचांत तुटला असेल तर मासा पायाशी आल्यावर रॉड उभा करून मागे ओढला, वाकण सगळं शेंड्यावर आलं. जाळीत घेताना रॉड बाजूला झुकवायचा आणि बुडाला काम करू द्यायचं. फ्लाय जलपर्णीत अडकली तर रॉडनं झटके देऊ नका. रॉड सरळ लाइनच्या दिशेनं धरा आणि हाताला फडकं गुंडाळून लाइन ओढा.

दर वर्षीच्या दुरुस्त्या किरकोळ आहेत. सांध्याला साधी मेणबत्ती घासा आणि पुसून घ्या. थर दिसता कामा नये. शेंड्याची कडी बहुधा उष्णतेनं वितळणाऱ्या गोंदानं बसवलेली असते. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत रॉड ठेवला तर हीच कडी आधी फिरते, मग मुठीखालचा गोंद ढिला पडतो. कार्बनला त्या उष्णतेनं काही होत नाही. कडी पुन्हा सरळ करायला तिच्या धातूच्या नळीला लायटरची ज्योत क्षणभरच दाखवा, ब्लँकला नाही. पावसात वापरलेला रॉड ओला असताना नळीत बंद केला की धाग्यावरच्या पॉलिशला फोड येतात आणि कॉर्कला बुरशी धरते. एक रात्र कापडी पिशवीबाहेर आडवा ठेवला की पुरे.

विजेचं मात्र गमतीत घेऊ नका. कार्बन वीज वाहतो. मे-जूनच्या वळवात ढग गडगडले की रॉड खाली ठेवून पाण्यापासून दूर व्हा, आणि तलावाच्या बांधावरून जाणाऱ्या तारांखाली तर कधीच फेक करू नका.

तुमच्या पैशांचा हिशेब मी असा लावीन. आधी दोन लाइनी. मग मरळीसाठी मधल्या किमतीचा ८ नंबर. तीर्थनची पहिली फेरी आहे त्या रॉडवर, तिथल्या पाण्याला साजेशी लाइन चढवून करा. परत आल्यावरही ५ नंबरचा चांगला रॉड हवासा वाटला तर वरच्या श्रेणीतला घ्या, आणि शक्य असेल तर मागच्या पिढीचं मॉडेल घ्या. नवं मॉडेल आलं की आधीचं बऱ्याच सवलतीत निघतं, आणि दोन पिढ्यांमधला फरक बहुतेकांच्या हाताला कळण्याइतका नसतो. ९ फुटी चार तुकड्यांच्या रॉडची नळी साधारण ७९ सेंटिमीटरची होते. विमानात केबिन बॅगेच्या मापात ती बसत नाही, तेव्हा विमान कंपनीला आधी विचारून घ्या. रेल्वेनं जाणार असाल तर बर्थखाली बॅगांच्या मागे, भिंतीला लावून आडवी ठेवा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय पडत नाही.